रोज तारीख विचारणारं यंत्र

फोनवरचा माणूस ‘नर्सबाई गेल्या’ असं म्हणाला नाही. “कडावला येऊन जा,” एवढंच बोलला आणि थांबला... मी समजलो. ‘गेलं’ हा शब्द माझ्या थोरल्या बहिणीच्या कानावर पडू द्यायचा नाही, हे तिच्या गावाच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की तिच्याबद्दलही तो कुणाच्या तोंडून निघेना.

ताई नर्सचं शिक्षण घेऊन कडावला आली ती पन्नासच्या दशकात. खालापूरच्या बाजूच्या वाड्यांपर्यंत बांधाबांधाने चालत जाऊन तिने बाळंतपणं केली. बाळंतिणीच्या खोलीत तिचा एकच कायदा होता. एकदा निळं पडलेलं पोर बघून बाळंतिणीची सासू ‘गेलं’ म्हणाली, तर ताईने तिला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. पोराचं तोंड साफ केलं, अंग पुसलं, चोळत राहिली, फुंकत राहिली. ते पोर आज कर्जत स्टेशनाबाहेर टेंपो चालवतं.

प्रत्येक जन्म ती वहीत लिहायची. आईचं नाव, गाव, दिवस, आणि तेव्हा शेतात काय चाललं होतं तेही. शाळेत नाव घालायचं असो की खालापूरच्या कचेरीत वयाचा दाखला द्यायचा असो, लोक ताईकडेच येत. पुढे वह्यांना वाळवी लागली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या ऑफिसने एक कॉम्प्युटर काढून टाकला, तो मी विकत घेतला आणि टेंपोत घालून तिच्याकडे नेला. निवृत्त झालेली ताई इंग्रजी अक्षरांतून मराठी नावं एका बोटाने टाइप करत बसली. सगळं चढवून झालं तेव्हा मी म्हणालो, आता त्या सडक्या वह्या कशाला? तिने माझं ऐकलं. शेजारच्या बाळंतिणीच्या अंघोळीचं पाणी त्या वह्यांवर तापलं. फ्लॉपीवर एक प्रत काढून ठेवायची होती, ती मी पुढच्या खेपेवर टाकली.

मग एकदा ती म्हणाली, “रोज सकाळी वार-तारीख इचारतं रं. मी सांगते. माणसाला इसर पडतो, ह्याला पण पडत असंल.” मी हसलो. मला कारण माहीत होतं. यंत्राच्या पोटात रेडिओत घालतात तसलेच सेल होते. वीज नसताना तारीख आणि आपल्याला कोणती डिस्क जोडली आहे हे ते यंत्र त्या सेलांच्या जोरावर लक्षात ठेवायचं. ते उतरत आले होते. ते बदलायचं कामही मी पुढच्या खेपेवर टाकलं.

लावणीला ताई घर बंद करून आमच्या शेतावर गेली. परत येऊन बघते तर यंत्र म्हणतंय, माझ्यात डिस्कच नाही. नेमकी त्याच वेळी खालापूरकडची एक बाई दारात बसलेली. मुलाला नोकरीसाठी जन्मतारीख हवी होती, आणि ती ताईशिवाय कुठेच नव्हती. मला निरोप आला. मी खटपट केली. ऑफिसातल्या मित्राला फोन लावला, तर तो म्हणाला, डिस्क पुसून काढ आणि नव्याने सुरू कर. मी परत येऊन यंत्रापुढे बसलो आणि म्हणालो, “ताई, गेलं सगळं.”

ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, “भायेर जा.”

मला कळेना.

“भायेर जा आन् परत आत ये. ह्या घरात असं बोलायचं नाय.”

पोराबाळांचा बाप असलेला मी मुकाट अंगणात जाऊन त्या बाईशेजारी उभा राहिलो, आणि परत आत आलो. तेव्हा ती म्हणाली, “रडत नाय म्हंजी जीव नाय, असं नसतं रं. आधी ऊब दे. मग बघ.”

डिस्क पुसायला निघालेला माझा हात त्या वाक्याने थांबला.

कर्जतच्या बाजारातून सेल आणून बसवले. पण आत कोणत्या जातीची डिस्क आहे ते यंत्राला आता आकड्याने सांगावं लागणार होतं, आणि तो आकडा मला ठाऊक नव्हता. एकेक आकडा घालून बघत राहिलो. इकडे ताई त्या बाईला जवळ घेऊन बसली. तुझ्या सासऱ्याने कंदील धरला होता, झोडणी चालू होती, खळ्यावर पेंढा इतका की मला आत यायला वाट नव्हती... असं सांगत सांगत ती वारावर आली, मग तारखेवर. तिथेच थांबली नाही. त्या बाईच्या जावेचं बाळंतपण, शेजारणीचं, पलीकडच्या वाडीतल्या जुळ्यांचं. घरामागून घर. माझी बोटं कळांवरच थांबली. आपल्या पोटात काय आहे हे विसरलेलं यंत्र माझ्यासमोर होतं आणि पाठीमागे ही बाई, जिच्यात दोन तालुक्यांतली पोरं अजून जन्म घेत होती. असं मी पूर्वी पाहिलं नव्हतं, पुढेही पाहिलं नाही.

एका आकड्याला डिस्क घुरघुरली आणि पडद्यावर नावं चढू लागली. मी त्या बाईच्या मुलाचं नाव शोधलं. ताईने सांगितलेलीच तारीख होती. ताईने पडद्याकडे बघितलंही नाही.

“रडलं?” तिने विचारलं.

“रडलं.”

मग हळूच म्हणाली, “माझ्याच हातून कायतरी दाबलं गेलं असंल का रं?”

तेव्हा मी सांगायला हवं होतं. सेल उतरलेत हे मला माहीत होतं, प्रत मी काढली नव्हती, वह्या माझ्या सांगण्यावरून जळल्या. मी म्हणालो, वीज सारखी जाते-येते, त्याने होतं असं. तिने मान डोलावली. पुढे गावात कुणी विषय काढला की ती म्हणायची, मी आडाणी बाई, माझंच काय चुकलं असंल, भावाने जिवंत केलं. आणि तो भाऊ समोर बसून चहा पीत असायचा... इतकी वर्षं.

कडावच्या त्या फोननंतर काही आठवड्यांनी दसरा आला. तिची हत्यारं पूजायची म्हणून मी कपाट उघडलं. कात्री, पोरं तोलायचा काटा, आणि त्यांच्याजवळ कर्जतच्या दुकानातून आणलेलं नव्या सेलांचं पाकीट. शेजारच्या वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “दर दसऱ्याला बदलायच्या. दुकानवाला येऊन बसवून द्यायचा. मी एकदा इचारलं, भाऊंना का नाय सांगत? तर म्हनल्या, नको, त्याला लाज वाटंल.”

मी सेल बसवले. यंत्राच्या झाकणावर तिने कुंकवाने तो आकडा लिहून ठेवला होता. तो घातला. डिस्क घुरघुरली, आणि यंत्राने तारीख विचारली.

मी सांगितली. आधी मोठ्याने, मग बोटाने.