झेंड्याचा फोटो

सव्वीस जानेवारी, रविवार, सकाळचे आठ. कोल्हापूर, आमच्या चर्चचं अंगण. खांबाला गुंडाळी बांधलेला झेंडा, दोरीशी सुभेदार शमुवेल मोहिते, मागे थंडीत कुडकुडणारी मंडळी.

पस्तीस वर्षं बातमीदारी केली. साखर कारखान्यांच्या सभा, महापालिकेतली भांडणं, सगळ्यांचे किस्से छापले. आमच्या चर्चचा एकही छापला नाही. घरचं माणूस बातमीत आणायचं नाही, हा माझा नियम. त्यामुळे हे किस्से साठतच गेले, आणि ज्यांच्यासोबत हसायचं ती माणसं एकेक करून कमी होत गेली.

*

तर ती सव्वीस जानेवारी. सण रविवारी आला म्हणून आदल्या आठवड्यात पंचमंडळाची बैठक तापली होती. आधी उपासना की आधी झेंडावंदन? एकजण म्हणाला, देवाच्या आधी देश कसा? दुसरा म्हणाला, उपासना अकराला संपणार, मग झेंडा काय जेवायच्या वेळी फडकवायचा? दोन तास झाले तरी निकाल लागेना.

सुभेदारतात्या कोपऱ्यात बसले होते. मूळचे पेठ वडगावचे, एकाहत्तरच्या लढाईत लढलेले. चर्चचा झेंडा मला आठवतंय तेव्हापासून तेच चढवायचे. ते उठून म्हणाले, "देवाला घाई न्हाय. झेंड्याची येळ ठरल्याली हाय."

बैठक संपली.

*

एका पंधरा ऑगस्टला पाऊस इतका लागला की तात्यांनी झेंडा चढवला, सलाम केला आणि सगळे आत पळाले. राष्ट्रगीत चर्चमध्येच म्हणायचं ठरलं. पेटीवर रूथआक्का. आक्कांनी जन्मभर भजनं आणि गीतं वाजवलेली, त्यामुळे राष्ट्रगीतही त्याच लयीत निघालं. संपता संपेना. तात्या सावधानमध्ये ताठ उभे, कपाळावरून पाणी ओघळतंय, पुसता येत नाही.

शेवटच्या ओळीनंतर आक्कांची बोटं सवयीनं पुढं सरकली आणि अख्ख्या मंडळीनं दोन सुरांत म्हटलं, "आमेन."

पाहुणे म्हणून आलेले वॉर्डातले नगरसेवक चपापले. व्हरांड्यात चहा घेताना हळूच विचारलं, "तुमच्यात असंच म्हणत्यात काय?"

तात्या म्हणाले, "मनापास्नं म्हटलं की आमच्यात आमेन येतंयच."

पुढच्या वर्षी नगरसेवकसाहेब न बोलावता आले, आणि सगळ्यांत मोठ्यानं आमेन त्यांनीच म्हटलं.

*

महिला दिनाच्या रविवारी उपासना बायकांनी चालवायची आणि चहा पुरुषांनी करायचा, ही नव्या पाळकसाहेबांची कल्पना. चहाचे प्रमुख अर्थातच तात्या. दूध, आलं, वेलची, सगळं वेळेत. साखर मात्र राहिली. बायकांनी एकेक घोट घेतला आणि एकमेकींकडे बघितलं.

समारोपाची प्रार्थना रूथआक्कांची होती. डोळे मिटून त्या म्हणाल्या, "प्रभू, बिनसाखरेच्या चहाबद्दलही तुझं आभार. आमच्या भावांनी निदान पाणी तरी घातलं."

तात्यांनी सगळ्यांत आधी आमेन म्हटलं.

असं होतं आमचं. चुका व्हायच्या, पण त्या आमच्या आम्ही करायचो, कुणाला दाखवायला नाही.

*

चार वर्षांपूर्वी, ऑगस्टातल्या एका रविवारी, सेक्रेटरी सॉलोमन सर सूचना वाचायला उभे राहिले. सर निवृत्त मुख्याध्यापक, त्यांची सूचना म्हणजे परिपत्रकच. ते म्हणाले, यापुढे झेंडावंदनाचा फोटो पाठवायचा आहे. झेंडा, मंडळी आणि चर्चची पाटी, तिन्ही एकाच फोटोत आली पाहिजेत.

कुणाला पाठवायचा, हे कुणी विचारलं नाही. मागून कुणीतरी पुटपुटलं, "परिस्थिती बघता..." आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. भर सभेत आमदारांना आडवे प्रश्न विचारणारा मी!

त्या पंधरा ऑगस्टला तात्यांची बोटं वयानं आखडली होती. गाठ उशिरा सुटली. झेंडा फडकला, पाकळ्या पडल्या, पण फोटोत पाटीच्या आड कुणाची तरी छत्री आली. सर म्हणाले, तात्या, एकदा खाली घ्या, परत चढवू.

तात्यांनी दोरी खांबाला बांधून टाकली. "चढल्याला झेंडा दिस मावळल्याबिगर उतरत न्हाय, सर. फोटोसाठी तर न्हाईच."

*

पुढच्या वर्षी दोरी बँकेत नोकरीला असलेल्या एका तरुणाच्या हातात होती. एका झटक्यात गाठ सुटली. तात्यांसाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती. ते बसले नाहीत. नळाजवळच्या भिंतीपाशी, फोटोत न येणाऱ्या जागी, छातीवर मेडल लावून सलाम करत उभे राहिले.

तो फोटो माझ्याकडे आहे. तात्या नाहीत. मी आहे, तिसऱ्या रांगेत, केस नीट विंचरून.

संपल्यावर त्यांनी मला हाक मारली. "तुम्ही पेपरवालं न्हवं? मग इचारा की, हे फोटो कुणाला पायजेत. मी सोता जातो त्येच्याकडं. माझ्या हातानं चढवल्याला चालत न्हाय काय, एवढंच इचारतो."

मी म्हणालो, विचारतो तात्या.

जवळजवळ तीन वर्षं विचारलं नाही. यंदा जूनमध्ये तात्या गेले. शवपेटीवर झेंडा घालायला हवा होता, असं दफनानंतर सगळेच म्हणाले.

*

मग मात्र मी उठलो. आधी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी खुर्ची दिली. "पावणं, असलं कायबी आमच्याकडं येत न्हाय. आम्ही मागतबी न्हाय." तहसील कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, असं पत्र इथून कधी गेलेलंच नाही. पाळकसाहेब म्हणाले, मला वाटलं पंचमंडळाचा ठराव आहे. पंच म्हणाले, आम्हाला वाटलं पाळकसाहेबांना फोन आला असेल.

शेवटी सॉलोमन सरांच्या घरी गेलो. सर, फोटो कुठं पाठवता? त्यांनी फोन पुढं केला. नंबर नुसताच, नाव नाही. चार वर्षांचे फोटो ओळीनं, प्रत्येकाखाली "आदरपूर्वक सादर". आणि प्रत्येकाखाली एकच टिक. पाठवलेला पहिला फोटोसुद्धा कुणापर्यंत पोचलेला नव्हता.

मी त्यांच्यासमोरच नंबर लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं फोनमधल्या बाईंनी मराठीत सांगितलं आणि मग हिंदीत.

"सर, हा नंबर तुम्हाला दिला कुणी?"

त्यांनी खुंटीवरची किल्ली काढली. मग मला चर्चच्या मागच्या खोलीत घेऊन गेले आणि कपाट उघडलं. दाराला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली होती. तोच नंबर, खाली एकच ओळ: झेंड्याचा फोटो न चुकता पाठवणे.

अक्षर सरांचं नाही. पाळकसाहेबांचं नाही. पंचांपैकी एकाचंही नाही. गेल्या रविवारी ती चिठ्ठी मी उपासनेत सगळ्यांसमोर धरली. अजून कुणीही, हे अक्षर माझं, असं म्हटलेलं नाही.