मॅटिंगखालचा शिंपला

काथ्याचं नवं पायपुसणं भिजलं की त्या वासासरशी मी साठच्या दशकातल्या दुबईच्या देरात पोचतो. खाडीजवळच्या रेताड जमिनीवर काथ्याची मॅटिंग अंथरून आम्ही कोकणातले कारकून क्रिकेट खेळायचो, आणि कप्तान मी, कारण बॅट माझी होती. गोऱ्यांशी सामना ठरला तेव्हा मात्र टीमने बजावलं, हरलास तर कप्तानी आमच्यातल्या वडीलधाऱ्या मामूंकडे. गोऱ्यांचा कप्तान वेल्सचा, तिकडे वर्षानुवर्षं कौंटी संघातून खेळून त्याचं कप्तानपद भूषवलेला. असा माणूस आमच्या वाळूत कशाला येईल, हा माझा पहिला संशय. आदल्या संध्याकाळी तो एकटाच मॅटिंग उचलून खाली चाचपडताना दिसला आणि माझी खात्रीच पटली. "मामू, गोरा पिचमध्ये काहीतरी गडबड करतोय." "अरे, तो कौंटीचा कप्तान, तू बॅटीचा. गप बस," मामू म्हणाले. गप बसणं माझ्या रक्तात नाही. सकाळी सगळ्यांदेखत मी मॅटिंग चार हात बाजूला सरकवायला लावली. साहेब एवढंच म्हणाला, "तुमचं मैदान, कप्तान." सलामीला अर्थात मीच गेलो. पहिलाच चेंडू टप्पा पडून उसळला आणि माझ्या बरगडीत बसला. मी आडवा. साहेबाने टप्प्याच्या जागी मॅटिंगखाली हात घातला, एक जाडजूड शिंपला काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "जुन्या जागेवरचे काल मी सगळे वेचले होते." मामू मागून शांतपणे म्हणाले, "खलास. आता हरायची वाट कशाला बघायची? बॅट तुझी तुला राहू दे, कप्तानी इकडे दे." आजही पायपुसणं अंथरण्याआधी मी फरशीवर हात फिरवून घेतो, आणि बायको माझ्याकडे संशयाने बघत राहते.