माझ्या चाकूची नक्कल शोधत टेंभुर्णीला

नणंदेनं जालन्याहून मोसंबीची पेटी पाठवली. पेटीची सुतळी कापायला तिनं एक घडीचा चाकू ठेवला होता, तोही पेटीच्या आत. मी सुतळी दातांनी तोडली, चाकू काढला, आणि बघतच राहिले. तो माझा होता. म्हणजे घडण माझी, बनवणारा दुसराच कुणीतरी.

मी पुण्यात लहानशा कारखान्यात घडीचे चाकू बनवते. मुठीचा बाक, अंगठा टेकवायची खाच, सगळं या चाकूत होतं. माझी चूकसुद्धा! एका खेपेत मी मुठींच्या भलत्याच टोकाला भोक पाडून बसले होते. माल फेकवेना, म्हणून ते पेन्सिल जाईल एवढं मोठं केलं आणि 'दोरी ओवण्याची खास सोय' असं छापून सगळा खपवला. चोरट्यानं ती सोयही उचलली होती. शनिवारी पहाटेच मी गाडी काढली.

पुणे ते जालना, चहा धरून सहा-सात तास लागतात. जुन्या जालन्यात मात्र स्वतःची गाडी घालू नका. धान्याची पोती, रिक्षा आणि दुचाक्या यांच्यातून माणूसच कसाबसा जातो. मी चालत एका भांड्यांच्या दुकानात शिरले आणि तसला चाकू मागितला.

"ओरिजिनल देऊ का डुप्लिकेट?" दुकानदारानं विचारलं.

"ओरिजिनल कुठला?"

"टेंभुर्णीचा. डुप्लिकेट भोकरदनला बनतो."

मी पर्समधून माझा, पुण्याचा चाकू काढून दाखवला. त्यानं तो उलटापालटा केला. "हा तिसराच कुठला तरी हाय. दिसायला चांगलाय, पण घेऊ नका."

मुक्काम नणंदेकडे. रविवारी सकाळी टेंभुर्णी. रस्ता बरा आहे, दोन्हीकडे कपाशी, मधूनच मोसंबीच्या बागा. कारखाना विचारायची गरज पडली नाही, ठोकण्याचा आवाज चौकापर्यंत येत होता. रफिकभाई ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यांतून पाती काढत बसले होते. पन्नाशीचा, शांत माणूस. रस्ताभर पाठ केलेलं भाषण मी एका दमात म्हटलं.

त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं, मग माझा चाकू कानाशी धरून उघडला, मिटला. "ताई, पातं ढिलं हाय तुमचं. असा माल आम्ही बाहेर जाऊ देत न्हाई." आणि मी काही बोलायच्या आत हातोडीचे दोन ठोके देऊन त्यांनी तो घट्ट करून दिला.

"आणि हे भोक?" मी चिडून विचारलं.

"तेच तर खरं डोकं हाय!" त्यांनी मोसंबीची एक काडी भोकात सरकवली. मोसंबीची कलमं करताना काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब, काढून दुसऱ्या रोपाच्या खुंटावर बसवतात. काडी या भोकात घट्ट बसली की तिच्यावरचे डोळे काढण्याजोगे झाले, असं समजायचं. आसपासचे बागवाले म्हणे याच मापावर चालतात.

मी काडी काढून स्वतः पुन्हा घालून पाहिली. रफिकभाईंनी चहा मागवला आणि ते एकदम भडकले. "अन् तो भोकरदनचा दत्ता! आमची नक्कल करून राह्यला. तुम्हाला यातलं कळतं, चला, साक्ष द्या."

भोकरदनला आधी मिरचीची भजी खा, मग भांडा. दत्ताभाऊंच्या दुकानापुढं दहा मिनिटांत वीसेक माणसं जमली.

"भोक माझ्या डोक्यातून निघालंय," दत्ताभाऊ म्हणाले.

"झूट! माझ्या!" रफिकभाई.

"ते कुणाच्याच डोक्यातून निघालेलं नाही," मी ओरडले. "ती माझी चूक होती! ड्रिल चुकलं होतं!"

सगळ्यांनी वाकून भोक पुन्हा पाहिलं. मग मुंडासं बांधलेले एक म्हातारे बागवाले समजुतीनं म्हणाले, "बाई, चुकून पडलेलं भोक इतकं बराबर बसत न्हाई."

त्यांनीच निवाडा केला. दत्ताभाऊंच्या चाकूचं भोक लहान, त्यात कोवळ्या काड्या बसतात, म्हणून गेल्या साली या म्हाताऱ्यांची निम्मी कलमं वाळली. टेंभुर्णीचा चाकू अस्सल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या! माझा चोर जिंकला म्हणून मला खरोखर आनंद झाला होता. दत्ताभाऊंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, तुमचं माप किती?" मी सांगितलं. निदान एक जण तरी विचारून नक्कल करणार होता.

तुम्ही जाणार असाल तर रविवार टाळू नका. टेंभुर्णीत एक चाकू घ्या, माझ्यापेक्षा स्वस्त आहे आणि, लिहिताना हात जड होतो, पण पातं जास्त चांगलं आहे.

परत येऊन पंधरा दिवस झाले. नव्या चाकूचं चित्र काढायला बसले की पूर्वी 'हे कुणी चोरेल का' असं मनात यायचं. आता 'रफिकभाई याला काय म्हणतील' असं येतं, आणि मी पात्याकडे पुन्हा बघते. काल त्यांचाच फोन आला.

"ताई, नवीन काही काढलं का न्हाई? जरा जल्दी करा, हंगाम तोंडावर आलाय."

चांगलं खडसावायचं म्हणून मी तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं, "करून राह्यले, भाई."