नानांची पाण्याची बाटली

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आधी विचारायचे, ‘तू स्वतः पाहिलंस का?’ मग तो म्हणायचा, मामाच्या शेजाऱ्याने पाहिलं... विषय संपला. शाळेत गणित शिकवण्यात जन्म गेला माझा. उत्तर आलं नाही तर पायरी चुकली आहे, एवढंच मला कळतं. म्हणून हे लिहायला इतके दिवस लागले. पायऱ्या सगळ्या तपासून झाल्या आहेत.

आम्ही धुळ्याचे, देवपुरात राहतो. आमच्या ह्यांना सगळं गाव नाना म्हणायचं. बँकेतून रिटायर झाले आणि नानांनी सायकल धरली. गिअरची, हलकी, मागच्या दांडीला बाटलीचा स्टँड आणि हँडलवर किलोमीटरचं मीटर. मला वाटलं, बरं झालं, तब्येत राहील. पण नाना पडले हट्टी! चाळीस हजार किलोमीटर म्हणजे पृथ्वीला एक प्रदक्षिणा, ती पुरी करायची, असं त्यांनी घेतलं डोक्यात. मग रोज सकाळी साक्री रोड — कुसुंबा, नेर आणि परत.

मीही माझी जुनी लेडीज सायकल घेऊन थोडं अंतर जायचे. पण माझी तऱ्हा निराळी. बोरं दिसली की मी उतरले, कुणी ओळखीचं भेटलं की उभी राहिले. नाना पुढे जाऊन चिडायचे. “अगं, अशाने ॲव्हरेज काय लागणार?” मी म्हणायचे, “अहो, प्रदक्षिणा घालताय ना? मग देवाकडे बघा तरी. तुम्ही नुसतं मीटर बघताय.” ते हसायचे, पण थांबायचे नाहीत.

पाण्यालासुद्धा थांबायचे नाहीत, हे माझं खरं दुखणं. रोज बाटली मी भरून द्यायची आणि ती जशीच्या तशी परत यायची. मग मी ते पाणी तुळशीला ओतायचे आणि वर बडबडायचे, तुळशीला तरी पाण्याची किंमत आहे म्हणून. आमच्या घरातलं रोजचं भांडण होतं ते.

मागच्या वर्षी अखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, झाली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर वैशाखात, नेरच्या अलीकडे एका निंबाच्या झाडाजवळ नाना सायकलवरून कोसळले. तिथे एक पाणपोई आहे, एक म्हातारी अक्का ती सांभाळते. तिने धावत पाणी आणलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, त्यात हृदयाने दगा दिला. लोकांनी सायकल घरी आणून दिली. बाटली स्टँडमध्ये होती... भरलेली.

प्रदक्षिणेचे सहाशे-सातशे किलोमीटर राहिले होते. त्यांच्या ग्रुपमधले म्हणाले, वहिनी, नानांचं टार्गेट आपण सगळे मिळून पुरं करू. नणंद म्हणाली, प्रदक्षिणा अर्धवट सोडू नये, जीव अडकतो. माझा जीव अडकण्यावर विश्वास नव्हता. पण त्यांचं काहीतरी करत राहायला हवं होतं मला, नाहीतर घर खायला उठायचं. मी म्हटलं, मीच करते. पुढच्या अखाजीला त्यांची पहिली घागर भरायची, त्याच्या आत संपवते.

आमच्याकडे अखाजीला पितरांच्या नावाने मातीची नवी घागर पाण्याने भरून पुजतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. ऐन उन्हाळ्यात गेलेल्या माणसाला तहान लागू नये म्हणून.

थंडी सुरू झाली तशी मी नानांची सायकल काढली, सीट खाली करून घेतली. सवयीने त्यांची बाटली भरून स्टँडला लावली. माझं पाणी माझ्या पिशवीत होतं. नेरपर्यंत जाऊन आले, बाटली काढली तर रिकामी.

वाटलं, झाकण सैल असेल. दुसऱ्या खेपेला घट्ट लावलं. तरी रिकामी! बाटली भरून रात्रभर वर्तमानपत्रावर उलटी ठेवली, कागद कोरडा ठाक. मुलगा जयेश जळगावहून आला होता. तो म्हणाला, “आई, तूच पीत असशील, लक्षात राहत नसेल.” मला राग आला. मी त्याच्याच हाती सायकल दिली, तो नकाणे तलावावर चक्कर मारून आला. बाटली भरलेली. मग मी रस्त्यात बघायला लागले. कुसुंब्याला भरलेली असायची. निंब मागे पडला की रिकामी. सायकलवर थेंबाचा ओघळसुद्धा नसायचा.

भीती वाटली का? नाही. मला राग यायचा. आता पिताय होय? तेव्हा काय झालं होतं?

होळीनंतर ऊन तापलं आणि माझीही गत नानांसारखीच झाली. अखाजी जवळ आलेली, किलोमीटर उरलेले. थांबणं बंद, नजर मीटरवर. एक दिवस त्याच निंबाजवळ डोळ्यांपुढे अंधारी आली. अक्काने हात धरून सावलीत बसवलं, किती पळशील म्हणून दटावलं.

“कितलं पयशी, माय? बस. पानी पी ले.”

माठातलं गार पाणी प्यायले आणि विचारलं, “अक्का, त्या दिवशी नानांनी पाणी घेतलं होतं का हो?”

तिने माठावर झाकण ठेवलं. “मी पानी लीसन पयत उनू. पन त्यासनी घोट बी लिधा नही. तठेच गया.”

एक घोटही न घेता गेले. मी स्टँडकडे पाहिलं. बाटली रिकामी होती. वर्षभर आवरून धरलेलं सगळं तिथे बाहेर आलं. अक्का पाठीवरून हात फिरवत राहिली. नंतर मी उठून बाटली माठातून भरली, स्टँडला लावली आणि मोठ्याने म्हटलं, “अहो, प्या आता. काही घाई नाही.” हँडलवरचं मीटर काढून पिशवीत टाकलं आणि रमतगमत घरी आले.

अखाजीला घरी घागर भरली. एक घागर त्या निंबाखाली नेऊन ठेवली, वर डांगर ठेवलं, सांजोरीचा नैवेद्य दाखवला. प्रदक्षिणा थोडी बाकी राहिली. राहू दे.

चार दिवसांनी नेरपर्यंत जाऊन आले. घरी येऊन बाटली काढली तर हाताला जड लागली. काठोकाठ भरलेली, जशी सकाळी लावली तशी. ओट्याशी उभी राहून मी जी रडले, तशी नाना गेले त्या दिवशीही रडले नव्हते.

बाष्पीभवन, गळती, माझा विसराळूपणा — सगळं धरून पाहिलं. गणित सुटत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुटलं तर जरूर सांगा, मी वाद घालणार नाही.

अजून जाते मी त्या रस्त्याने, बोरं खात, अक्काशी गप्पा मारत. बाटली रोज भरते, ती रोज भरलेली परत येते. पाणी तुळशीला ओतताना पूर्वीसारखी बडबडतेसुद्धा. नानांची तहान भागली हे चांगलंच झालं, मला कळतं ते. तरी घरी आल्यावर बाटली काढताना हात जरा थांबतो... एकदा, फक्त एकदा, ती हलकी लागावी असं वाटतं.