वहिनींचा फॉन्ट

कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यात अपडेटची पाटी आली की वहिनी ती न वाचताच ‘नंतर’ दाबायच्या आणि वर म्हणायच्या, “आलं मेलं परत!”

‘नंतर’ तुम्हीही दाबता, मीही दाबतो. आपण कंटाळ्याने दाबतो. वहिनी घाबरून दाबायच्या, एवढाच फरक.

रत्नागिरीत माझा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पूजेची पत्रकं, तेराव्याची कार्डं, असलं काम. वहिनी, नात्याने नव्हे, सगळेच त्यांना तसं म्हणायचे, हातखंब्याहून एसटीने यायच्या. अठरा वर्षं माझ्याकडे टायपिंग करत होत्या. एका जुन्या मराठी फॉन्टवर त्यांची बोटं अशी चालायची की गिऱ्हाईक बोलायचं थांबतंय तोवर मजकूर तयार. एकदा एक वधूपिता नातेवाइकांची नावं आठवता आठवता अडला. वहिनी म्हणाल्या, “आठवा सावकाश. राहिलेले मामा मग माझ्यावर रुसतात.”

“अहो, एकदा करून टाका ना ते अपडेट,” मी म्हणायचो.

“नको हो भाऊ. फॉन्ट गेला तर मी काय करू? मला दुसरं काय येतंय?”

पण लोक मजकूर मोबाइलवरून पाठवायला लागले. तो त्या फॉन्टमध्ये बसायचा नाही, म्हणून वहिनी सगळं पुन्हा टाइप करायच्या. गिऱ्हाइकं खोळंबायची. एक दिवस त्या भाचीच्या साखरपुड्याला दापोलीला गेल्या आणि मी ‘आत्ता’ दाबलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचं टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडेचना. जुनी पत्रिका उघडली, तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरं. वहिनी बघत बसल्या. रागावल्या नाहीत. “गणपतीपण गेला काय?” एवढंच म्हणाल्या.

दुरुस्तीवाल्याने मला बाहेर बोलावून सांगितलं, दहा दिवसांच्या आत परत जुनं करता येईल. मी बरं म्हटलं. मोबाइलवरचा मजकूर आता थेट चिकटत होता, काम झरझर उरकत होतं. वहिनींना मी काही बोललो नाही. त्या नव्या कीबोर्डवर एका बोटाने ‘ळ’ शोधायच्या आणि मी समोर बसून बघायचो. वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, काहीच वाटलं नाही.

बाराव्या दिवशी त्यांनी डबा, चष्मा आणि खुर्चीवरची उशी पिशवीत भरली. “उद्यापासून येत नाही मी, भाऊ. लोक उगाच ताटकळतात माझ्यामुळे.”

थांबा, असं मी म्हटलं नाही.

परवा मासळी बाजारात भेटल्या. बांगडे निवडता निवडता म्हणाल्या, “एक विचारू? तेव्हा परत जुनं करता आलं नसतं?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग बरं. मला आपलं वाटत राहायचं, मीच घाई केली. चार दिवस थांबायला हवं होतं.”

त्यांनी बांगडे पिशवीत घातले आणि एसटी स्टँडकडे चालू लागल्या.