कपडे बदलून यायचं नाही

आमच्या वहिनीसारखी नजर अख्ख्या पांढुर्ण्यात दुसऱ्या कोणाला नाही, आणि नाही तेच बरं, नाहीतर गावात कामंच झाली नसती. समोरून माणूस आला की आपण त्याचा चेहरा पाहतो. वहिनी चपलेपासून सुरुवात करते आणि चेहऱ्यापर्यंत पोचेस्तोवर तो माणूस निघून गेलेला असतो. एका शनिवारी सगळं घर जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेलं, तर ही देवळाबाहेर चपलांच्या ढिगापाशीच अडकली. आम्ही प्रसाद खाऊन परतलो तरी तिथंच. "भाऊजी, पाहा ना, टायरच्या चपलेले कसा लाल पट्टा शिवला हाय!" मग त्या चपलेचा धनी बाहेर येईपर्यंत आम्ही सगळे उन्हात ताटकळलो. दर्शन तिचं राहिलंच.

ही माझ्या चुलतभावाची बायको. लग्न होऊन आली आणि संत्री भरायच्या शेडवरच्या खोलीत तिनं राहणीमानाचं आणि पेहरावाचं मासिक काढलं. लोक हसले. मीही हसलो, आणि सौंसरला मास्तर असल्यामुळे शुद्धलेखन तपासायला धरला गेलो. अंक नागपूरहून छापून यायचा, गठ्ठे संत्र्यांच्या शेजारी पडायचे, त्यामुळे अंक चाळला की अजूनही बोटांना संत्र्याचा वास येतो. त्यात नट्या नाहीत की राजवाडे नाहीत. बोरगावची कापूस वेचणारी बाई, लोधीखेड्याचा बँडवाला, आणि फोटोखाली कपडा कुठला, शिवला कोणी, एवढंच. आज दिल्लीची माणसं पत्ता विचारत त्या शेडचा जिना चढतात, आणि वहिनी आधी त्यांचे बूट पाहते.

तिचा नियम एकच: फोटोला कपडे बदलून यायचं नाही. आणि आमच्याकडच्या माणसाला फोटो म्हटलं की बदलल्याशिवाय राहवत नाही. सौंसरच्या बाजारातल्या वांगी विकणाऱ्या बाईला तिनं आदल्या दिवशी सांगून ठेवलं, तर ती चेहऱ्यावर पावडर थापून बसलेली. वहिनीनं स्वतःच्या पदरानं ती पुसली. आमचे हेडमास्तर भर मे महिन्यात कोट घालून आले. वहिनी हात जोडून म्हणाली, "सर, तुम्ही शाळेत येता तसेच या ना जी. काखेत छत्रीवाला माणूस पाह्यजे मले." हेडमास्तर रागारागानं घरी गेले आणि छत्री घेऊन आले. नियमाच्या बाबतीत ती देवाचंही ऐकायची नाही.

ऐकायचा नाही असा आणखी एकच माणूस घरात होता, तो म्हणजे तिचे सासरे, माझे मोठे काका. पोळ्याचा अंक हा वहिनीचा जीव की प्राण, कारण त्यात बैल नटतात आणि माणसं जुन्याच सदऱ्यात शेजारी उभी राहतात. पहिल्या अंकापासून तिला मुखपृष्ठावर काका आणि त्यांची जोडी हवी होती, हिऱ्या आणि लखन. दरवर्षी ती विचारायची आणि दरवर्षी काका एकच सांगायचे, "बैलाले नजर लागते. माणसं छाप तू." मासिक त्यांनी कधी उघडूनही पाहिलं नाही. सारं पांढुर्णं छापून झालं, घरचाच माणूस राहिला. हे ती हसत सांगायची, पण तिला ते लागत होतं, मला दिसायचं.

मागच्या वर्षी काकांचे गुडघे गेले. भावानं ट्रॅक्टर ठरवला, जोडी लोधीखेड्याच्या एका शेतकऱ्याकडे जायची ठरली. पोळ्याच्या आदल्या दिवशी काका आपणहून म्हणाले, "सूनबाई, उद्या आमचा फोटो काढून घे. आता काय नजर लागून राहिली."

दुसऱ्या दिवशी बैल सजले, आणि काका बाहेर आले ते इस्त्रीच्या धोतरात, कोसा रेशमाच्या कुडत्यात, अत्तर लावून. आम्ही सगळे वहिनीकडे पाहू लागलो. हेडमास्तरांना परत धाडणारी बाई ती. तिनं पुढं होऊन सासऱ्यांची टोपी सरळ केली आणि फोटो काढला. मुखपृष्ठावरच्या फोटोखाली शिंपी नाही, कापड नाही, फक्त 'हिऱ्या, लखन आणि आमचे मामाजी' असं छापलं; सासऱ्यांना ती मामाजी म्हणते. मी त्यात एक अक्षरही दुरुस्त केलं नाही.

काकांनी ते मुखपृष्ठ कापून रिकाम्या गोठ्यात, गव्हाणीवर चिकटवलं. यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ते दिसेनात म्हणून मी आणि वहिनी गोठ्याकडे गेलो. बैलांना जेवणाचं आमंत्रण द्यायची ती वेळ. फाटका बंडी-सदरा, गळ्यात मळका दुपट्टा, असे काका त्या चित्रापुढं उभे होते, आणि दरवर्षीसारखंच म्हणत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

वहिनीच्या गळ्यात कॅमेरा होता, पण हात काही उचलला जाईना. काकांनी वळूनही पाहिलं नाही. "काढ ना, सूनबाई," ते म्हणाले. "आज कपडे नाही बदलले मी."

तो फोटो यंदाच्या अंकात आहे. जरा हललेला आहे. हललेला फोटो वहिनीनं कधी छापला नव्हता.