तांदळावर तांदूळ

गेल्या महिन्यात मुलगी मला एका मोठ्या दुकानात घेऊन गेली. तिथे गहू नसलेल्या खाऊचं एक अख्खं कपाट आहे. राजगिऱ्याची बिस्किटं, नाचणीचे केक, तांदळाच्या शेवया, आणि प्रत्येक पाकिटावर इंग्रजीत 'ग्लूटेन-फ्री' असं मिरवलेलं. मुलगी तिथल्या विक्रेतीला हसत सांगत होती, "आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं. त्यात एक कोळीण मला चोरून गव्हाचं खायला घालायची. मरता मरता वाचले मी." मी ढकलगाडी पुढच्या कपाटाकडे वळवली. ही गोष्ट ती साठ वर्षं सांगत आली आहे. ती खोटी आहे आणि ते फक्त मला ठाऊक आहे.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हा मी तिथे स्टोअरकीपर होतो. साताऱ्याकडचा माणूस, टेरिलीनचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि डोक्यात अशी हवा की हे केंद्र मीच उभारतोय. बोईसरला दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. मुलगी चार वर्षांची. हातापायांच्या काड्या, पोट तेवढं नगाऱ्यासारखं, आणि दिवसातून सात-आठ वेळा जुलाब. पालघरच्या डॉक्टरने जंताचं औषध दिलं, मग पुन्हा जंताचंच औषध दिलं. शेवटी मुंबईच्या एका डॉक्टरने सांगितलं, "हिच्या आतड्यांना गहू सोसत नाही. कणभरसुद्धा द्यायचा नाही."

मला ते अपमानास्पद वाटलं. आमच्या घरात पोळी म्हणजे प्रतिष्ठा. भात-भाकरी खातात ती इथली माणसं, असं मी उघड म्हणायचो. आता माझ्याच लेकीला तांदळाची भाकरी.

खाऊ शोधणं माझ्याकडे आलं. बोईसरच्या वाण्याकडे बरण्या होत्या त्या खारी, नानकटाई आणि बिस्किटांच्या. मी विचारलं, "गहू नसलेलं काय आहे?"

"एकादशी काल झाली, साहेब," वाणी म्हणाला.

"एकादशीचं नाही. रोजचं पाहिजे."

"रोज उपवास? पगार होत नाही की काय?"

दुकानातली माणसं हसली. पण उपवासाची बरणी हीच आमच्या कामाची होती. राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, साबुदाणा, शिंगाड्याचं पीठ. हे ज्ञान वाण्याच्या थट्टेतून मिळालं, पण घरी मी ते स्वतःच्या अकलेचं म्हणून सांगितलं.

जवळच्या दांडी गावाहून एक कोळीण मावशी मासे घेऊन यायची. आम्ही मासे खात नव्हतो, पण पाणी प्यायला ती आमच्या ओट्यावर टेकायची. मुलीचं दुखणं कळल्यावर ती टोपलीच्या कडेला फडक्यात बांधून तांदळाच्या पिठाचे गुळातले लाडू आणू लागली. मुलगी तिची वाट बघायची. बायको तेव्हा शेजारच्या जात्यावर तांदूळ दळायची. दोन महिन्यांत मुलीच्या गालावर मांस आलं.

मग बायकोला दिवस गेले आणि जातं ओढणं बंद झालं. दळण मी आणतो म्हणालो. केवढा उपकार केल्यासारखं म्हणालो ते आठवलं की आजही लाज वाटते.

गिरणीवाल्याची रीत होती. सकाळी रेशनचा लाल गहू, दुपारी तांदूळ. मी सकाळी ड्यूटीवर जाता जाता डबा ठेवला. तो म्हणाला, "साहेब, आता टाकलं तर गव्हावर पडेल. तांदळावर पाहिजे तर दुपारी या."

दुपारी म्हणजे गावच्या आणि कोळीवाड्याच्या बायकांच्या रांगेत, त्यांच्या टोपल्यांच्या वासात. मी म्हणालो, "टाक रे गव्हावरच. चिमूटभर मिसळलं तर काय आभाळ कोसळतं?"

कणभरसुद्धा नाही, हे डॉक्टरचे शब्द कानांत असलेला मी सुशिक्षित गाढव.

तीन आठवड्यांत मुलगी पुन्हा आडवी झाली. घरात तर गव्हाचा दाणा शिजत नव्हता, मग बाहेरचं कोण देतं? माझं बोट सरळ मावशीकडे गेलं. बायको म्हणाली, "अहो, ती असं करायची नाही."

"तुला काय माहीत? या लोकांना पथ्य म्हणजे काय ते कळतं का?"

दुसऱ्या दिवशी मावशी ओट्यावर बसली तोच मी तिच्या हातातलं फडकं हिसकून गटारात टाकलं. ती उठून उभी राहिली. "दादा, तांदलाचं हाय ते. आमच्या घरान गहू नाय येत."

"पुन्हा या दारात दिसायचं नाही."

ती भांडली नाही. टोपली उचलून गेली. मुलगी दारात रडत होती.

मुलगी सुधारली नाही. पुढच्या रविवारी सुट्टी होती म्हणून मी गिरणीत दुपारी गेलो. माझ्यापुढे एक म्हातारी होती. गिरणीवाल्याला म्हणाली, "पयला पसा बाजूला काड. गव्हाचा लागलाय, भाकर चिकट होतं." त्याने पहिलं पीठ वेगळ्या सुपात घेतलं. पांढऱ्या पिठात लालसर कोंडा स्पष्ट दिसत होता. तिला जे भाकरीसाठी कळत होतं, ते मला पोटच्या पोरीसाठी कळलं नव्हतं.

घरातलं पीठ मी फेकून दिलं. डब्याला अळ्या झाल्या होत्या, असं बायकोला सांगितलं. त्यानंतर दळण दुपारी, तांदळावर तांदूळ, पहिला पसा बाजूला. महिन्याभरात मुलगी अंगणात धावू लागली. शेजारी म्हणाले, कोळीण बंद झाली आणि पोर बरी झाली. बायकोही म्हणाली, "तुमचंच खरं निघालं." मी मान डोलावली. बायको गेली तीही हेच खरं मानून.

पुढे वर्षभराने चिंचणीच्या बाजारात मावशी समोर आली. सुक्या बोंबलांचा वाटा लावून बसली होती. मी वळणार तोच तिने हाक मारली.

"दादा, पोरगी कशी हाय?"

"बरी आहे. शाळेत जाते."

तिने पदराने तोंड पुसलं. "मंग बरा झाला मी येयाची बंद झाली. माज्या हातान काय लागला आसंल. लय दिवस झोप नव्हती मला."

तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. मी म्हणालो, "असू दे आता, झालं ते झालं." म्हणजे मी तिला माफ केलं. तिने हात जोडले आणि मुलीसाठी म्हणून ओला नारळ दिला. तो मी घेतला.